गिअरची मूठ

वडील गेले. घरात मोटार चालवणारं कुणी उरलं नाही, म्हणून आईने ती विकायला काढली. दुसऱ्या महायुद्धाआधीची गाडी. अंधेरीत अशी गाडी घेणारे आमच्या शेजारच्या काकांना पारखायला आणत. माठ वाजवून बघावा तसे ते दार बोटाने वाजवत आणि बोलण्याआधी "नाय" म्हणत.

"नाय, पत्रा मूळचा. नाय, रंग नंतरचा."

आमच्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावरची लाकडी मूठ बघून गिऱ्हाईक कुरकुरलं, "ही मूळची नाही ना?"

"नाय." काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांच्या वडिलांनी घडवलीय."

सौदा मोडणार, असं वाटून आईने माझ्याकडे पाहिलं. काकांनी मूठ फिरवून काढली आणि तिच्या हातात दिली.

"वहिनी, ही ठेवा. यांना मी मूळची शोधून देतो."

गाडी गेली. मूठ आईच्या उशाशी आहे. गिऱ्हाईक नुसता दांडा धरून गाडी चालवतं आणि काका अजून शोधताहेत.