गिरजा कुलपानं मेली

गुरुजींनी माझं नाव वाचलं. मोठ्यानं, पारावर बसून, साऱ्या धनज गावासमोर.

आमच्या वस्तीतल्या बायका पाराखाली बाजूला उकिडव्या बसल्या होत्या. वर्तमानपत्र आलं की गुरुजी ते गावाला वाचून दाखवायचे, आम्हीही लांबून ऐकायचो. आमच्यातल्या कुणाचं नाव त्यात कधी आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. कारंज्याच्या जिनिंग कारखान्याला लागलेली आग या नावाच्या मजूर बाईच्या बिडीनं लागली. गिरजा नावाची कामकरीण तीत जळून मेली. मालकांनी स्वतः धावत जाऊन बाकीच्या बायका वाचवल्या.

साऱ्या माना माझ्याकडं वळल्या. गिरजेची सासू माझ्या शेजारीच बसली होती. ती उठली आणि माझ्या तोंडावर थुंकली.

"माह्यी सून खाल्ली तूनं," ती म्हणाली.

मी पुसलंही नाही. वाटलं, गुरुजी पुढं वाचतील, खरं काय ते पुढच्या ओळीत असेल. गुरुजींनी पान उलटलं. पुढची बातमी सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा खाणीची होती. तिथल्या मजुरांनी म्हणे दंगा केला होता. काय माजलेत हे मजूर, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता खरं सांगते. मी जन्मात बिडी ओढली नाही. कापूस वेचून झाला की आम्ही बायका कारंज्याला जायचो, जिनिंगमागं झोपड्या टाकून राहायचो, दिवसभर रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस घालायचो. कापसात खडा आला की रेच्यात ठिणगी उडते, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवशी उडाली. रुई भडकली. आम्ही दाराकडं धावलो, तर दाराला बाहेरून कुलूप. सुटीचा भोंगा व्हायच्या आत बायका लेकरांना पाजायला पळतात, म्हणून मालकानं, शेटनं, ते लावायला सुरुवात केली होती. मुकादम चावी घेऊन येईस्तोवर आम्ही दार बडवत राहिलो. गिरजा माझ्या मागं होती, माझा पदर धरून. दार उघडलं तेव्हा मी बाहेर पडले. ती नाही.

आत माझ्यासोबत होत्या त्या बायका गप्प बसल्या. पुढल्या वर्षी त्यांना त्याच दारातून आत जायचं होतं.

जिनिंग शेटचं. त्याला लागून छापखाना, तोही शेटचा, आणि पत्र त्याच छापखान्यातून निघायचं. वाशिमला दुसरं पत्र होतं, ते शेटच्या साडूचं. त्यातही तीच बातमी आली, काना-मात्रेचा फरक नाही. गुरुजी बिचारे सरळ माणूस. म्हणाले, दोन-दोन पत्रांत आलंय, आता शंका कसली?

घरी आले तर माय चुलीपुढं बसलेली. तिनं वर पाहिलं नाही.

"कवापासून ओढून राह्यली तू?"

"माय, तूनं कवा पायलं मले ओढताना?"

"पायलं नाई. पन छापून आलं ना."

तोंडावरची थुंकी मी तोवर धुतली होती. हे कशानं धुवायचं? मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो मायवर नव्हता.

मग शेटनं धनजला शोकसभा ठेवली. गिरजेच्या सासूला लुगडं द्यायचं आणि मी सगळ्यांपुढं माफी मागायची, असं शेटचं आणि पाटलाचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. माझा बाप गावचा कोतवाल. त्यानंच डफडं वाजवत दवंडी दिली, की जिनिंग जाळणारी बाई उद्या माफी मागणार आहे. आमच्या दारापुढंही दिली. आवाज त्याचा, शब्द पाटलाचे. पोटच्या पोरीची दवंडी.

सभेत मुकादमानं माझ्यापुढं माईक धरला.

"मी बिडी ओढत नाई," मी म्हणाले. "दाराले बाहेरून कुलूप होतं."

कर्णा तिथंच बंद झाला. मी ओरडून पुरं केलं, "गिरजा कुलपानं मेली." तिची सासू हातभर अंतरावर बसली होती. तिनं ऐकलं. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, तिनं नक्की ऐकलं होतं. मग मुकादमानं मला दंडाला धरून खाली ओढलं.

पुढच्या पत्रात आलं, की मजूर बाईनं सभेत ढसाढसा रडून गुन्हा कबूल केला. साडूच्या पत्रातही आलं. मी तडक सासूच्या झोपडीत गेले. तुमी तं समोरच होत्या, काय बोलली मी, असं विचारलं. तिनं नव्या लुगड्याचा काठ चाचपला.

"माफी मांगली तूनं," ती म्हणाली. "रडली बी होती."

ती खोटं बोलत नव्हती. त्याचीच मला भीती वाटली. तिला आता तसंच आठवत होतं. आपल्या कानांनी ऐकलेलं तिनं टाकून दिलं होतं आणि शेटचं ठेवून घेतलं होतं. तेव्हा मला पत्रातली ती सातासमुद्रापलीकडची खाण आठवली. त्या खाणीचा मालक कोण? तिथलं पत्र कुणाचं? धनजच्या पारावर पोचेपर्यंत ती बातमी कोणकोणत्या शेटच्या हातून आली? जगात कुणाला माजलेलं म्हणायचं आणि कुणाला दयाळू, हे मूठभर माणसं ठरवतात, आणि आम्ही माना डोलावतो.

काही दिवसांनी पाटलानं दवंडी द्यायला सांगितली, गुरं मोकाट सोडू नका अशी. बाप डफडं घेऊन निघाला. मी मागं चालू लागले. पहिल्या चौकात त्यानं गुरांचं सांगितलं. डफडं थांबलं, तशी मी बोलले. जिनिंगच्या दाराले कुलूप होतं. गिरजा कुलपानं मेली.

बाप वळला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"घरी जाय. माह्यी कोतवाली जाईन."

"जाऊ दे, बा."

तो डफडं सावरून पुढं निघाला. पुढच्या चौकात मी पुन्हा बोलले. लोकांनी दारं लावून घेतली. एकानं शेण फेकलं. कुणाला पटलं असं नाही, आणि पटण्याची वाट पाहत मी थांबणारही नाही. शेटचं पत्र आठवड्यातून एकदा निघतं. मी रोज निघेन. इंझोरीला, किन्हीराजाच्या बाजारात, पाय नेतील तिथं. ते जितक्यांदा छापतील, तितक्यांदा मी सांगेन. माझं तोंड शेटच्या मालकीचं नाही.