चतुराबाईची भिंत

चारठाण्याच्या अलीकडच्या एका वाडीत चतुराबाई तीस वर्षं बायकांची बाळंतपणं करत होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं आपली रीत काढली होती. मूल जन्मलं की आपल्या घराच्या चुना दिलेल्या भिंतीवर तांबड्या कावेचं एक बोट उमटवायचं. ते मूल गेलं की त्याच्या बोटावरच चुन्याचं बोट. तांबडं झाकलं जायचं, दिसायला काही उरायचं नाही. पण हात फिरवला की फुगवटा लागायचा, आणि तो कुणाचा, हे तिला डोळे मिटूनही सांगता यायचं.

बहुतेक फुगवटे आठव्या दिवसाचे. धडधाकट पोर एकाएकी प्यायचं सोडायचं, जबडा आवळायचा, अंग आखडायचं. बाया म्हणायच्या, सटवीनं नेलं. चतुराबाईला पटायचं नाही. तिची स्वतःची दोन नातवंडं अशीच गेलेली. आठव्या दिवशी नेमकं होतं काय, हे कुणी शहाण्यानं सांगावं, एवढीच तिची आस होती.

चौऱ्याहत्तर साली सरकारची लोकसंख्या सल्लागार समिती जीपमधून वाडीत आली. अध्यक्ष आबासाहेब, एक डॉक्टर, एक फोटोवाला. आबासाहेब पारावर तासभर बोलले. देश बुडायला लागलाय आणि या वाडीनंच तो बुडवलाय, असं ऐकणाऱ्याला वाटावं. मग कुणीतरी भिंतीचं सांगितलं आणि मंडळी तिथं आली. आबासाहेब छत्रीच्या टोकानं बोटं मोजू लागले.

चतुराबाईची सून मालनबाई पोटुशी होती. पदर ओढून म्हणाली, "मोजू नका ओ साहेब, लेकरं मोजत नसतेत."

"मोजली नाहीत म्हणूनच ही वेळ आली! एकशे त्र्याऐंशी, एकट्या बाईच्या हातची! घ्या फोटो. पोस्टरला याहून चांगलं काय मिळणार?"

"पांढरे बी मोजा की," चतुराबाई म्हणाली.

"कुठायत पांढरे?"

"हात लावून बघा."

फोटोवाला फिस्सकन हसला. डॉक्टरनं मात्र हात लावला.

"आठव्या रोजाला जातेत, डागदरसाहेब. आखडून. कशानं, तेवढं सांगा."

"नाळ कशानं कापता?"

"इळ्यानं. चांगला धुऊन घेते. वर गोवरीची राख लावते."

डॉक्टरनं तोंड उघडलं, तोच आबासाहेब जीपमधून ओरडले, "चला हो डॉक्टर! जिंतूरला लोक हार घेऊन थांबलेत. आपला विषय जन्माचा आहे, मरणाचा नाही."

"नर्स पाठवायला लिहितो, बाई. ती सगळं सांगेल," म्हणून डॉक्टर गेला.

विळा उकळा, राख लावू नका. एवढंच सांगायचं होतं. त्याला ना समिती लागत होती, ना जीप.

चतुराबाई दर बाजारी एसटीच्या फाट्यावर जाऊन बघायची. नर्स आली नाही. चार महिन्यांनी बन्सीधर नावाचा शिपाई आला, बगलेत पोस्टरं, हातात खळीचा डबा. पोस्टरवर तिचीच भिंत होती, नुसते काळे ठिपके. पांढरे कुठून दिसणार? सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचा हुकूम होता आणि वाडीत चुन्याची भिंत एकच.

"नर्सबाई कवा यायलीय?"

"मावशी, मी पोस्टरवाला. नर्सचं खातं अलग हाय."

"काय लिवलंय ह्याच्यावर?"

"पोरं कमी होऊ द्या म्हणायलेत."

"कमीच तर व्हायलेत, बाबा."

मालनबाईचा मुलगा त्या दिवशी सहा दिवसांचा होता. त्याचं कावेचं बोट पोस्टरखाली गेलं. दोन दिवसांनी त्यानं प्यायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मातीआड करून पुरुष परतले, तेव्हा चतुराबाई चुन्याची वाटी घेऊन भिंतीपाशी आली.

बोट सापडेना. तिनं पोस्टर ओढलं. खळ वाळून घट्ट बसली होती; कागदासोबत चुन्याचे पापुद्रे सुटले आणि तीस वर्षांची बोटं पायाशी पडली. ती खाली बसून पापुद्रे उलटेपालटे करून बघत राहिली. मालनच्या लेकराचं कुठलं, कळेना.

मग उठली. शेजारच्या नागनाथाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. चतुराबाईनं विळा काढला, विहिरीवर नेऊन गार पाण्यानं तीनदा घासूनपुसून धुतला, आणि परत वळचणीला खोचला.