पंचवीस सेकंदांचं लॉगिन

शनिवार, सकाळचे साडेनऊ. घाटकोपर पूर्व, अभ्यासिकेची मागची खोली.

हजर: मी. माझ्याबरोबर शिकवणारा सहकारी, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, एरवी एका ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा. शिकायला येणाऱ्या बारा जणींपैकी एक, निवृत्त नर्स. तिला सगळे सिस्टरच म्हणतात.

यायचे होते: बाकीच्या अकरा जणी आणि अभ्यासिकेचे सेक्रेटरी काका. वेळ अकराची.

वहीत एवढं लिहून मी त्याखाली रेघ मारली होती. काकांनी आदल्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं, "मी स्वतः बसून बघणार. असंच रडत-खडत चालणार असेल तर वर्ग बंद. खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांना देऊ." घरकाम, मुलं यांतून बाहेर पडून नोकरी धरायला निघालेल्या या बायकांना संगणकावर हात बसवायला दुसरी जागा नव्हती. तेव्हा हातात दीड तास होता.

आमची मांडणी साधी होती. खोलीत बारा साधी मशीनं आणि ती जोडलेला एकच मोठा सर्व्हर. त्याच्या पोटात बारा कंटेनर, म्हणजे एकाच मशीनमध्ये भिंती घालून केलेल्या बारा स्वतंत्र खोल्या. प्रत्येकीची स्वतःची लिनक्स, स्वतःचा पासवर्ड. एकीने काही बिघडवलं तर दुसरीला त्रास नाही. फक्त कंटेनर सुरू व्हायला दोन मिनिटं लागत आणि पासवर्ड दिल्यावर स्क्रीन बराच वेळ ढिम्म. बायकांनी त्यावर आपसात तोडगा काढला होता: पासवर्ड टाकायचा, एंटर दाबायचं आणि पॅसेजमध्ये जाऊन पाण्याची बाटली भरून आणायची. परत येईपर्यंत काम सुरू झालेलं असे. त्यामुळे कित्येक आठवडे कुणी तक्रारच केली नाही.

सहकाऱ्याने मेमरी कमी पडते म्हणून दोन शनिवार घालवले होते. बंद पडलेल्या एका मशीनमधली मेमरी काढून इथे बसवली. फरक शून्य.

"ताई, मशीनच म्हातारी झालीये यार. काकांना सरळ सांगून टाकू," तो म्हणाला.

"म्हातारी कोणाक म्हणतंस रे?" सिस्टर मान वर न करता म्हणाल्या.

"तुम्हाला नाही हो."

"मग जपून बोल."

त्यांनी हातातलं घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवलं होतं. लॉगिन करत होत्या, बाहेर पडत होत्या, पुन्हा करत होत्या. मग शेजारच्या कंटेनरवर, मग त्याच्या शेजारच्या.

"पंचवीस सेकंद," त्या म्हणाल्या. "तिन्हीकडे पंचवीस. माका नाडी मोजूची सवय, म्हणून सांगतंय. दमलेल्याची नाडी अशी एकसारखी नसते, वर-खाली होते. ह्या दमलेला नाय. कोणाची तरी वाट बघता."

मी खुर्चीतून उठलेच. महिनाभर आम्ही सर्व्हर हळू का, हळू का करत होतो. तो हळू नव्हताच. लगेच सर्व्हरचा भार दाखवणारी खिडकी उघडली आणि सिस्टरना पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. पूर्ण पंचवीस सेकंद आकडे जागचे हलले नाहीत. सर्व्हर निवांत बसून होता.

"वाट लागली," सहकारी म्हणाला, पण हसत. "दोन शनिवार मी स्क्रू काढत बसलो."

आता प्रश्न एवढाच होता, की वाट कुणाची? आधी कंटेनर सुरू व्हायला लागणाऱ्या दोन मिनिटांकडे वळलो. कुठल्या कामाला किती वेळ गेला याची यादी लिनक्स स्वतःच देते. सगळ्यात वर नेटवर्कची वाट पाहणारी सेवा, जवळजवळ पूर्ण दोन मिनिटं. ज्याच्यावरून बाकीचे केले तो मूळ कंटेनर तयार करताना मी पुढेमागे लागेल म्हणून दुसरं, सॉफ्टवेअरमधलंच नेटवर्क कार्ड जोडून ठेवलं होतं. त्याला पुढे काहीच लावलेलं नव्हतं, आणि प्रत्येक कंटेनर उठल्या उठल्या त्या कार्डाला नेटवर्कवरचा पत्ता मिळण्याची वाट बघत बसे. कार्ड काढलं. कंटेनर पाच-सहा सेकंदांत उठला. आम्ही तिघंही एकाच स्क्रीनवर वाकलो होतो.

मग लॉगिन. नोंदी वाचल्या. लॉगिनची दखल घेणारी एक सेवा असते, ती सुरू व्हायला जाई आणि पडे. कारण: परवानगी नाही. तिला कंटेनरच्या आत स्वतःसाठी आणखी एक आडोसा करायचा होता, आणि तो करू देणारा कंटेनरच्या सेटिंगमधला पर्यायच बंद होता. लॉगिन तिच्या उत्तरासाठी पंचवीस सेकंद थांबे आणि मग नाइलाजाने पुढे जाई.

"हा पर्याय बंद कुणी केला?" सहकाऱ्याने विचारलं.

मी वहीची मागची पानं उलटली. कंटेनर तयार करण्याची माझी यादी, सातवा मुद्दा: जादा परवानग्या बंद करणे. पुढे माझ्याच अक्षरात बारा टिका, एकेका कंटेनरची एकेक.

"ताई, किती नेटकं काम गं तुझं," तो म्हणाला. मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही, पर्याय चालू करायला लावला. आमचे कंटेनर मुळात कमी अधिकारांचे, त्यांना एवढी मोकळीक द्यायला हरकत नव्हती. कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला. सिस्टरनी घड्याळावर नजर ठेवून एंटर दाबलं आणि त्याच क्षणी लॉगिन झालं.

"मोजूक काय उरलाच नाय," त्या म्हणाल्या.

साडेदहा वाजले होते. तो कार्ड काढत होता, मी पर्याय चालू करत होते, सिस्टर लॉगिन करून आकडा पुकारत होत्या. बारावा झाला तेव्हा पॅसेजमध्ये चपलांचे आवाज येत होते. बायका आत आल्या, सवयीने पासवर्ड टाकून बाटल्या घेऊन उठायला लागल्या आणि पुन्हा बसल्या.

काका मुद्दाम कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. लॉगिन केलं. बाहेर पडले. पुन्हा केलं.

"झकास," ते म्हणाले. "वर्ग चालू राहू दे. पण झालं काय होतं?"

मी सातव्या मुद्द्यासकट सगळं सांगितलं. काकांनी वही पुढे ओढून यादी वाचली.

"तुमची ही यादी मी कुर्ल्याच्या अभ्यासिकेला दिली होती. माझ्या ओळखीचे आहेत तिथे," ते म्हणाले. "त्यांचंही असंच चालायचं. गेल्या महिन्यात कंटाळून वर्ग बंद केला त्यांनी."

त्यांनी कुर्ल्याच्या सेक्रेटरींचा नंबर माझ्या वहीत लिहून दिला. यादीतला सातवा मुद्दा मी तिथेच खोडला, दुसऱ्या कार्डाची ओळही खोडली, आणि खाली लिहिलं: कुर्ल्याला फोन करणे. वर्ग एक वाजता सुटला. दुपारी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. त्या ओळीपुढे अजून टीक नाही.