न्हाणीघरातला गिझर

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. कोणीतरी फोन करतो, "गिझर बसवचो आसा, कधी येतास?" म्हणतो, आणि नवा किस्सा तिथेच सुरू होतो. मी आणि फ्रान्सिस, आम्ही दोघे कणकवलीपासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत गॅसचे पाइप जोडतो, गॅसवरचे गिझर बसवतो. फ्रान्सिस वयाने मोठा आणि शांत. मी तापट. चहाला बसलो की लोक म्हणतात, "सांग रे काहीतरी." मी सांगतो, ते हसतात. माझं मात्र सांगतानासुद्धा डोकं फिरतं.

*

आचऱ्याचे एक निवृत्त गुरुजी. त्यांच्या नव्या गिझरला पाइप जोडला, रेग्युलेटर चालू केला आणि सांधा तपासायला साबणाचं पाणी घ्यायला मी वळलो. परत बघतो तर गुरुजींनी काडी पेटवलेली आणि हात सांध्याकडे निघालेला.

"गॅस जाता काय बघतंय," ते म्हणाले. "पंचवीस वर्सां मी असोच बघतंय."

फ्रान्सिसने पुढे होऊन काडी विझवली, काडेपेटी त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"गुरुजी, पंचवीस वर्सां तुमी नशीब तपासलास. पायप नाय."

मग मी सांध्याला साबणाचं पाणी लावलं. बारीक बुडबुडे आले. माझंच आवळणं कमी पडलं होतं. पुन्हा आवळलं, पुन्हा तपासलं, बुडबुडे थांबले. गुरुजी तोवर खुर्चीवर बसले होते.

*

फोंडाघाटातल्या एका वहिनींनी गॅसच्या पाइपला कापडाचं कव्हर शिवलं होतं. झालर लावलेलं, वर फुलं भरलेली. मी कव्हर ओढून काढलं. आतला पाइप जागोजागी चिरलेला, एका ठिकाणी उंदराने कुरतडलेला. पाइपवर मुदत छापलेली असते, ती कधीच उलटून गेली होती.

"वहिनी, ह्यो पायप तुमी बघलास काय कधी?"

"बघलंय तर. भेगा दिसाक लागल्यो, म्हणान तर कवर शिवलंय."

मी तो पाइप तिथल्या तिथे कापून दोन तुकडे केले. नाहीतर माझी पाठ वळली की त्यांनी पुन्हा जोडला असता. वहिनी माझ्यावर चिडल्या. पाइपसाठी नाही. ओढताना कव्हरची झालर उसवली म्हणून.

*

कणकवलीतल्या एका खानावळवाल्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून पाइप स्वतः जोडला आणि सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळली. चार दिवसांनी आम्हाला बोलावलं. दारातच गॅसचा वास आला. आत, सिलिंडरच्या बाजूला, अगरबत्ती जळत होती.

फ्रान्सिसने ती उचलून बाहेर नेऊन विझवली, मी सिलिंडर बंद केला. मालक पंखा लावायला बटणाकडे निघाला, त्याचा हात मी धरला. खिडक्या उघडल्या, वास जाईपर्यंत सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"अगरबत्ती कित्याक लावलंस रे?" फ्रान्सिसने विचारलं.

"गिऱ्हायकांका वास येय होतो," तो म्हणाला.

*

हा किस्सा ऐकताना कोणी हसत नाही.

मालवणजवळ एकाने होमस्टे बांधला. न्हाणीघर एवढंसं, खिडकीला पक्की काच, डास नकोत म्हणून. गिझर आतच हवा, असा त्याचा हट्ट. मी समजावलं, "गिझर भायरच्या भिंतीर लावया. गरम पाण्याचो पायप तेवढो आत घेवया. आत लावलास तर तो आतली हवा खातलो आणि इखारी वायू सोडतलो. तेका वास नाय. आंघोळ करणाऱ्याक कळाचाच नाय."

"भायर लावल्यार फोटोत दिसतलो," तो म्हणाला.

मी पाने-पक्कड पिशवीत भरली आणि निघालो. त्याला बसवून देणारा दुसरा मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब उतरलं. बारा वर्षांची मुलगी आंघोळीला गेली. आईने हाका मारल्या, उत्तर नाही. बापाने दार फोडलं. पोर लादीवर पडलेली. उचलून मोकळ्या हवेत आणली, तिथून हॉस्पिटलात. ऑक्सिजन लावला, वाचली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा मला फोन. मला वाटलं, हा आता म्हणणार, तुमचं ऐकायला हवं होतं.

"दाराची कडी तुटली," तो म्हणाला. "तुमच्या वळखीचो सुतार आसा काय?"

मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पण मी गेलो. सुतार यायच्या आधी गिझर भिंतीवरून उतरवला आणि काच काढून तिथे जाळी ठोकली.

*

आणि एक आमच्या म्हातारीचा. फ्रान्सिसच्या नात्यातली, सगळे तिला माय म्हणतात. सुनेने गिझर दुरुस्तीला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा माय आंघोळीला गेलेली आणि आतून मोठमोठ्याने गात होती. सून रोझी दाराला कान लावून उभी.

"आवाज बरो आसा मायचो," मी म्हटलं.

"आवाजाचा नाय," रोझी म्हणाली. "गिझर आत आसा. एकदा तिका घेरी इली. तेवापासून मी सांगितलंय, गायत ऱ्हव. गाणा थांबला की मी दार ठोकतंय."

"आणि गिझर भायर काढूक काय झाला?"

"माझो घोव गोव्याक कामाक आसा. तेणीच लावलो. म्हणता, मी येयसर हलवू नको."

माझा आवाज चढला. माय बाहेर आल्यावर फ्रान्सिसने शिडी लावली. संध्याकाळपर्यंत गिझर बाहेरच्या भिंतीवर गेला, न्हाणीघराची खिडकी मोकळी झाली. निघताना मी मायला बजावलं, "आता गाणा गावक नको."

पंधरा दिवसांनी सांधे तपासायला एकटाच गेलो. रोझी बाजारात गेलेली. न्हाणीघराचं दार आतून बंद, आत पाणी पडतंय, आणि गाणं नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागलो. खांदा लावणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण रे तो मेलो? गावक नको म्हणान सांगान गेलंस, आणि आता दार मोडतंस?"