आबांचं शिकागो

आबा कोंढरे पहिल्यांदा माझ्या घरी आले, ते चपला काढून थेट भिंतीकडे गेले. मी "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी बोट दुमडून भिंतीवर दोनदा टकटक केलं, कान लावला आणि समाधानाने मान हलवली.

"पोकळ," ते म्हणाले. "आत लाकडाची चौकट, वरून प्लॅस्टर. ताई, हा सगळा देशच देखाव्यासारखा बांधलाय. आमचंच काम हे."

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात आमच्या समोरच्या घरात प्रसाद आणि त्याची बायको राहतात, त्या प्रसादचे हे वडील. सहा महिन्यांसाठी आले होते. प्रसाद सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जायचा, सूनबाई हॉस्पिटलला. मी घरून काम करते. त्यामुळे अकराच्या चहाला आबा माझ्याकडे यायला लागले आणि मीही त्यांना धरूनच आधण ठेवायला लागले. मला माणसांचं फार कौतुक वाटतं असं नाही, पण आबा काम चालू असताना गप्प बसायचे आणि बोलायचे तेव्हा ऐकावंसं बोलायचे. दोन्ही गुण एकाच माणसात क्वचित सापडतात.

पुण्यात त्यांनी उभा जन्म गणपतीचे देखावे बांधले. बांबू, गोणपाट, काथ्या आणि प्लॅस्टर, एवढ्यावर राजवाडे उभे करायचे, किल्ले उभे करायचे, विसर्जन झालं की मोडायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "देखावा समोरून बघायचा. मागून बघणाऱ्याला नुसता बांबू दिसतो." हे वाक्य ते लग्नांना लावायचे, पुढाऱ्यांच्या भाषणांना लावायचे, आणि एकदा प्रसादच्या व्हिडिओ मीटिंगलाही लावलं. तो वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चड्डी घालून बसला होता.

आणि त्यांचं दैवत होतं शिकागो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे भरलेलं ते प्रचंड जागतिक प्रदर्शन. आपल्या माणसांना शिकागो म्हटलं की एका संन्याशाचं भाषण आठवतं. चहाला आलेलं कोणीही "हो, ते भाषण!" म्हणालं की आबा चिडायचे. "भाषण झालं, मान्य आहे. टाळ्या पडल्या, मान्य आहे. पण मांडव कोणी घातला, हे विचारलंत का कधी?"

तरुणपणी त्यांना रद्दीच्या दुकानात त्या प्रदर्शनाच्या छायाचित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी जन्मभर त्यातली चित्रं वाचली. तळ्याकाठी उभे असलेले पांढरेशुभ्र महाल बघून त्यांनी ओळखलं होतं, की हा दगड नव्हे. "कोपरे बघा. इतका स्वच्छ कोपरा दगडाला निघत नाही. हे प्लॅस्टर आहे, आत काथ्या नाहीतर ताग." मी इंटरनेटवर बघितलं, तर खरंच होतं. प्लॅस्टर आणि ताग. प्रदर्शन संपल्यावर बरंचसं जळालं, बाकीचं पाडलं. हे सांगितल्यावर आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे विसर्जन पण केलं!"

माणसं वर नेणारा तो अवाढव्य पाळणा, पाण्यात प्रतिबिंब पडलेले विजेचे दिवे, हे सगळं ते डोळ्यांपुढे उभं करायचे. पण त्यांचा हातखंडा प्रयोग वेगळाच होता. प्रदर्शनाच्या कडेने एक लांब रस्ता होता आणि त्यावर देशोदेशीची खेडी मांडली होती. झोपड्या, चुली, बाया, पोरं. बाहेर कुंपण, आणि कुंपणापाशी हॅट घातलेली गर्दी. आबांच्या मते तो जिवंत देखावा होता. आपल्याकडे मंडळाची पोरं मावळे होऊन स्टेजवर उभी राहतात, तसा. "शिकागोचीच नटमंडळी असणार. रंग लावला, पिसं खोवली, झालं काम."

त्यातलं एक चित्र ते नेहमी शेवटी काढायचे. बर्फाळ मुलखातली माणसं, अंगावर केसाळ कातडी. "मागचं झाड बघा, पानं भरगच्च. म्हणजे उन्हाळा! आणि हा बिचारा आत शिजतोय. मॅनेजरला म्हणतो, साहेब, काढू का? मॅनेजर म्हणतो, गप ए, पब्लिकने तिकीट काढलंय!" मग आबा घाम पुसणाऱ्या नटाची नक्कल करायचे. माझ्या स्वयंपाकघरात किती माणसं या नकलेवर हसली असतील. मी तर दर वेळी हसले.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचा गणपती नेहमीच्याच कम्युनिटी हॉलमध्ये होता, आणि सेक्रेटरी मी. आबांनी शिकागोचा देखावा करायचं ठरवलं, तेव्हा मला बरंच वाटलं. दर वर्षी थर्माकोलचा कैलास बघून कंटाळा आला होता.

हॉलची केअरटेकर लोसा, सामोआ बेटांवरची, माझ्याच वयाची, दांडगी आणि कमी बोलणारी. हॉल वेळेत रिकामा झाला नाही की ती दिवे घालवते, एवढीच आमची ओळख. आबांनी मात्र तिला आठवडाभरात आपलंसं केलं. ती "तालोफा, पापा" म्हणायची, हे "राम राम, लोसाताई" म्हणायचे. तिने चर्चमधल्या कोणाच्या तरी परसातून बांबू तोडून आणून दिला. कॉफीवाल्याकडून तागाची पोती मिळवून दिली. शाळा सुटल्यावर आमची पोरं मदतीला यायची, तेव्हा ती त्यांना कोको करून द्यायची आणि आबांच्या कपात साखर जास्त घालायची. पहिला महाल वाळला, त्या दिवशी आबांनी त्यावर टकटक केलं आणि तिच्याकडे बघितलं. तिनेही पुढे होऊन टकटक केलं. दोघं हसली. त्यांना माझी गरज पडत नव्हती.

मग एक दिवस आबांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "सेक्रेटरीबाई, हे कुठलं खेडं?" नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, उघड्या अंगाची माणसं. मी खालची ओळ वाचली. सामोआ.

"काय सांगता! लोसाताईचं गाव?" त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढचं सगळं तिथेच ठरलं. महालांच्या शेजारी जिवंत देखावा करायचा. लोसाताईचं गाव. तिला आधी सांगायचं नाही. "बघेल तेव्हा रडेल बघा ती."

समितीने एकमताने होकार दिला. बागकामाच्या दुकानातून दोऱ्याची भेंडोळी आणून मी स्वतः झालरीचे घागरे शिवले. कोणीतरी म्हणालं, दिव्यात पोरं गोरी दिसतील. तेव्हा तपकिरी रंग आणायलाही मीच गेले. माझी रेवा अकरा वर्षांची. आरशात बघून ती म्हणाली, "मम, धिस इज काइंड ऑफ वीअर्ड." मी म्हटलं, "गप्प बस. आबांनी एवढं केलंय."

गणपतीच्या दिवशी दुपारी पाऊस आणि वारा होता. आरतीला अवकाश होता. पाळणा फिरत होता, महाल खरोखर संगमरवरासारखे दिसत होते. कोपऱ्यात बांबूच्या कुंपणाआत आमची पोरं तपकिरी तोंडं आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा घालून बसली होती. पाटीही मीच लिहिली होती. आबांनी लोसाला हाताला धरून आणलं. मी भाषांतराला मागे.

लोसा बघत राहिली. बराच वेळ. मग तिने मला विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगितलं, शिकागोच्या प्रदर्शनात असं खेडं होतं. आबांचा समज आहे, की ती नटमंडळी होती. तुझ्यासाठी केलंय.

"नट नव्हते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आमच्याकडची माणसं होती. बोटीने नेली होती. कुंपणात ठेवून दाखवायला. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे." मग पोरांकडे बघून म्हणाली, "यांच्या तोंडाला काय लावलंय?"

"काय म्हणते?" आबांनी विचारलं. डोळ्यांत नुसता आनंद.

मी म्हटलं, "छान झालंय म्हणते."

अर्ध्या तासात माणसं यायची होती. घोळ नको, एवढाच विचार मी केला. मी घोळ टाळण्यात हुशार आहे, नोकरीत मला त्याचेच पैसे मिळतात.

आबांनी कुंपणाची आगळ काढली. "या, लोसाताई, या! आत बसा. मधोमध बसा. फोटो काढू." लोसा मागे सरली. आबांना वाटलं, लाजते. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि लाडाने ओढलं, "अहो या की! तुमचंच गाव आहे!" पोरं सरकून जागा करायला लागली. रेवा तेवढी उठून उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघत होती.

लोसाने हात सोडवून घेतला. हळूच, म्हाताऱ्या माणसाचा सोडवावा तसा. आणि ती स्वयंपाकघराकडे निघून गेली.

तेव्हा मी सांगितलं. घाईघाईत, दोन वाक्यांत. आबांनी ऐकलं. मग पुस्तक उघडलं आणि खेड्याचं पान नाही, ते कातड्यांचं पान काढलं. बघत राहिले.

"हा पण खरा?"

"हो."

"म्हणजे त्याला खरंच उकडत होतं."

त्यांनी पुस्तक मिटलं, पोरांना बाकावर ओळीने बसवलं, खोबरेल आणि ओला पंचा घेऊन एकेकाचं तोंड पुसायला घेतलं. कान, मान, सगळं. अध्यक्ष धावत आले. "अहो आबा, एवढं मनाला काय लावून घेता? कोणाला कळणारे इथे?" आबांनी मान वर केली नाही. "मला कळलंय ना," म्हणाले. पोरं झाल्यावर त्यांनी कोयता घेतला आणि कुंपण तोडलं. आरतीला आलेले लोक महालांचे, पाळण्याचे फोटो काढत होते आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारत होते, इथे काय होतं? आबा म्हणत होते, "काम चुकलं."

आरतीचा प्रसाद वाटून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "सॉरी धक्का लागला की म्हणतात. त्याहून मोठा शब्द काय आहे इंग्रजीत?"

मला सुचला नाही.

"मग मी मराठीत बोलतो. तुम्ही सगळं सांगा. या वेळी गाळू नका काही."

म्हणजे मघाचं "छान झालंय" माझंच होतं, हे त्यांना कळलं होतं.

लोसा कप विसळत होती. आबा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "मी जन्मभर या माणसांची नक्कल करून लोकांना हसवलं. चित्रात त्यांचे चेहरे दिसत होते. मी झाडाची पानं बघितली, महालाचे कोपरे बघितले. चेहरे बघितले नाहीत. तुमच्या माणसांना मी आज परत कुंपणात बसवलं, आणि तुम्हालाही ओढत होतो." मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शेवटी माझंही सांगितलं : तू जे म्हणालीस, ते मी यांना सांगितलंच नव्हतं.

लोसाने कप पालथे घातले. "ओके, पापा," ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आठ वाजता हॉल बंद होतो." बस. तिने माफ केलं, असं मी लिहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी देखावा मोडायला गेलो, तेव्हा तिने आबांच्या कपात साखर घातली होती. कोको मात्र पुन्हा केला नाही.

आबा ठरल्याप्रमाणे पुण्याला परतले. फोन करायचे, पण शिकागोचं नाव काढायचे नाहीत. आजारी पडल्यावर एकदा आवाज फार खोल गेला होता. मध्येच म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. प्रदर्शन मोडल्यावर ती माणसं घरी गेली का हो?"

मी तोवर बरंच वाचलं होतं. काही गेली, म्हटलं. काही तिथेच मेली, पोरंसुद्धा. कातडीवाल्यांनी कातडी घालायला नकार दिला होता, तक्रार केली होती. काहींना परतायला फार वर्षं लागली. मी काही गाळलं नाही.

पलीकडून टकटक ऐकू आली, पलंगावर असेल किंवा भिंतीवर. "मी मागून बघायलाच पाहिजे होतं," आबा म्हणाले. "माझंच काम होतं ते." पुढच्या गणपतीच्या आधी ते गेले.

या वर्षी हॉलची किल्ली घ्यायला मी एकटीच गेले. थर्माकोलचा कैलास गाडीत होता. लोसाने विचारलं, "पापा येणार?"

मी सांगितलं, ते वारले.

तिने हातातली खुर्ची खाली ठेवली. "कुठे?"

"पुण्यात."

"म्हणजे घरी?"

"हो. घरी. स्वतःच्या घरी."

"गुड," लोसा म्हणाली, आणि तिने खुर्ची उचलली. मीही एक उचलली. एकमेकींकडे न बघता त्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत आम्ही खुर्च्या लावल्या.