यशवंतरावांची सही

ऑगस्ट उजाडला की सुशीलाबाईंचं डोकं फिरायचं. नऊ तारखेला रायपूरच्या मराठी मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम व्हायचा, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांना शाल-श्रीफळ मिळायचं, आणि दरवर्षी पहिलं नाव पुकारलं जायचं ते उल्काचं. "स्वातंत्र्यसैनिक कैलासवासी निरंजनराव यांच्या कन्या!" उल्का पदर सावरत स्टेजवर जायची. तिसऱ्या रांगेतल्या सुशीलाबाई टाळ्या वाजवायच्या, पण आवाज म्हणून निघायचा नाही.

"पहा न कशी चालून राहिली," त्या शेजारणीच्या कानाशी लागायच्या. "जशी काही हीच जेलात गेली होती!"

अहो, हेवा करावा तो किती? वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पण उल्काचा हेवा मात्र अजून तरणाताठा. रेल्वेच्या ऑफिसात चौतीस वर्षं टायपिंग केलं, नवरा गेला, मुलगा सिलतऱ्याच्या कारखान्यात लागला, चौबे कॉलनीत घर झालं. देवाच्या दयेनं सगळं ठीकच होतं म्हणायचं. तर दोन गल्ल्या सोडून कोण राहायला यावं? हेडमास्तरीण होऊन रिटायर झालेली उल्का! झालं, जळायला पुन्हा सोय झाली.

हे जळणं मात्र फुकटचं नव्हतं. दोघींचे वडील तात्यापारा मोहल्ल्यातले, घरं भिंतीला भिंत लागून. बेचाळीसच्या ऑगस्टात, तिकडं महायुद्ध पेटलेलं असताना, इंग्रजांनी चालतं व्हावं म्हणून मिरवणूक निघाली आणि दोघंही एकाच लॉरीतून जेलात गेले. सुशीलाबाईंचे वडील यशवंतराव नऊ महिन्यांनी सुटले. निरंजनराव मात्र अकराव्या दिवशी घरी! जेलात माणसं मावेनात म्हणून काहींना सोडून दिलं, त्यांत ते होते. सुशीलाबाईंची आई सांगायची, "मी माझ्या डोळ्यांनं पाहिलं. तुझे बाबा आत, अन् निरंजनभाऊजी इथं नळावर आंघोळ करून राहिले होते."

पुढं देश स्वतंत्र झाला आणि खूप वर्षांनी, बहात्तर साली, सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन काढली. निदान सहा महिने जेल भोगलेला हवा, अशी अट होती. यशवंतराव शाळामास्तर. ते म्हणाले, "पगार भेटते न मले," आणि अर्जच केला नाही. निरंजनरावांनी केला. त्यांना पेन्शन मिळाली, ताम्रपट मिळाला, सरकारी यादीत नाव आलं. मंडळवाले यादी बघूनच शाली वाटतात. यशवंतराव यादीतच नाहीत, मग त्यांच्या लेकीला कोण विचारतो?

यंदा त्यावर कडी झाली. सभागृहाच्या दारात संगमरवरी पाटी बसवायची ठरली, सगळ्यांची नावं कायमची कोरून. सुशीलाबाई तडक मंडळाच्या सेक्रेटरीकडे, शालिग्रामजींकडे गेल्या.

"ताई, कागद आणा, नाव टाकतो," ते म्हणाले. "नुस्तं तोंडानं सांगितलेलं कसं चालन?"

त्या दिवशी सुशीलाबाईंनी मनाशी पक्कं केलं. पाटीवर बाबांचं नाव लागलंच पाहिजे आणि निरंजनरावांचं लागता कामा नये. अकरा दिवस राहून ताम्रपट? बघतेच! त्यांनी नातीला, ओवीला कामाला लावलं आणि माहितीच्या अधिकारात निरंजनरावांची पेन्शनची फाईल मागवली.

दोन महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. दुपारची जेवणं उरकली होती. ओवीनं पानं उलटायला सुरुवात केली आणि थांबली.

"आजी, इसमें तो आपके बाबा का नाम है."

"काही बी सांगते! आण इकडे."

तो सहबंदी दाखला होता. ज्याच्या कैदेची नोंद जेलात सापडत नसे, त्याच्यासाठी नोंद असलेल्या दुसऱ्या कैद्यानं असा दाखला लिहून द्यायचा, की हा माझ्याबरोबर आत होता. कागदावर लिहिलं होतं, निरंजनराव रायपूरच्या जेलात माझ्यासोबत एकाच बराकीत नऊ महिने होते. वर यशवंतरावांचा कैदी क्रमांक, शिक्षेची तारीख, सुटकेची तारीख. खाली त्यांची सही. दहा वर्षांच्या प्रगतिपुस्तकांवर पाहिलेली सही, चुकायचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे जो पुरावा जन्मभर मिळाला नाही, तो हातात आला होता. बाबा नऊ महिने आत होते हे त्या कागदानं सिद्ध होत होतं. पण त्याच कागदावर निरंजनरावही नऊ महिने आत होते! त्यांना खोटं ठरवायचं, तर आधी बाबांना खोटं ठरवायला लागणार.

"बाबा अन् खोटं?" सुशीलाबाई मोठ्यानं म्हणाल्या. ओवी दचकली.

त्यांना शाळा संपली ते वर्ष आठवलं. वयाची सोळा पूर्ण झाल्याशिवाय मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेत नसत, आणि सुशीलेला एकोणीस दिवस कमी पडत होते. त्या काळी अर्ध्या तात्यापाऱ्याची पोरं शाळेच्या दाखल्यावर जूनमध्येच जन्मलेली असायची, त्यात कोणाला काही वाटत नसे. आणि इथं तर बापच मास्तर, दाखला लिहिणारा हात घरातला! आईनं पाय धरले. यशवंतराव म्हणाले, "मी खोटं लिहिणार नाही, सुशीला." ते वर्ष गेलं, पुढच्या वर्षी आईनं अंथरूण धरलं, मग टायपिंग आलं ते कायमचं. उल्का मागून येऊन ट्रेनिंगला लागली आणि हेडमास्तरीण झाली. पण सुशीलाबाईंनी बाबांवर कधी राग धरला नाही. उलट छाती फुगवून सांगायच्या, 'माझ्या बाबांनं पोटच्या पोरीसाठीसुद्धा खोटं लिहिलं नाही.' सासरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं. त्याच एका अभिमानावर बाई जगल्या होत्या.

"मले एकोणीस दिवस नाही," त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "अन् तिच्या बापाले नऊ महिने!"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशाच चपला सरकवून, दुखरे गुडघे ओढत, त्या उल्काच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

उल्का तांदूळ निवडत होती. सुशीलाबाईंनी कागद तिच्या पुढ्यात टाकला. तिनं चष्मा लावला, वाचलं, आणि ताट बाजूला सारलं.

"मले माहीत आहे, सुशे."

"काय माहीत आहे?"

"आमचे बाबा अकराच दिवस होते. त्यांनंच सांगितलं होतं." उल्कानं चष्मा काढला. "पेन्शनचा अर्ज केला त्या वर्षी त्यांचे डोळे गेले होते. छापखान्यानं घरी बसवलं. सहा भावंडं आम्ही, अन् माझा एकटीचा पगार. आम्ही मागायले नाही गेलो तुमच्याकडे, देवाशप्पथ. यशवंतकाका आपल्या मनानं आले, कागद घेऊन."

न मागता! सुशीलाबाईंना ते जास्तच झोंबलं. मी तर मागत होते, आई पाय धरून बसली होती.

"तीनदा लिहिला अन् तीनदा फाडला त्यांनं. चौथ्यांदा सही केली. मग रडले. मी पाणी दिलं."

"बाबा रडले?" आई गेली तेव्हाही यशवंतरावांच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिलं नव्हतं. "तुझ्यासमोर?"

"हव. म्हणे, 'उल्का, सुशीलाले नको सांगू. माझी पोट्टी मले देव समजते.'"

सुशीलाबाई खुर्चीत बसल्या. मग उल्का उठली, कपाटातून एक गाठोडं काढून तिनं समोर ठेवलं. एकावर एक घड्या घातलेल्या शाली, एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

"एक बी अंगावर नाही घेतली मी. उद्या जाते मंडळात अन् सांगते, आमच्या बाबांचं नाव पाटीवर नका टाकू."

"खबरदार!" सुशीलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की आतून उल्काची सून डोकावली. "माझ्या बाबांची सही आहे त्याच्यावर. तू कोण लागून गेली त्यांना खोटं पाडणारी?"

त्यांनी पुढ्यातला कागद उचलून घेतला.

"दोघांची बी नावं जातील. याच कागदावर. मी स्वतः नेऊन देते शालिग्रामजींले." त्या दम घ्यायला थांबल्या. "अन् यशवंतराव वर, निरंजनराव खाली."

"हव," उल्का म्हणाली. "वरच राहू दे."

पाटीचा प्रश्न सुटला, पण सुशीलाबाई उठेनात. हेवा नव्यानं पेटला होता. शाल, ताम्रपट, हेडमास्तरकी, या कशाकशासाठी त्या एवढ्या जळल्या नव्हत्या. त्यांच्या वाट्याला देव आला होता, न चुकणारा, न रडणारा, एकोणीस दिवससुद्धा न सोडणारा. कागद फाडणारा, घाबरणारा, कोणाच्या तरी घरी बसून रडणारा बाप या बाईनं पाहिला होता. आणि बावन्न वर्षं एकटीजवळ ठेवून घेतला होता.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि उल्काचं मनगट घट्ट धरलं.

"पाणी पेले, मग? मग काय बोलले? सगळं सांग, उल्के. स्वतःसाठी काहीच ठेवू नको."