गुळवेलीची नोंद

"हे काय लिहिलंय? 'सकाळी गुळवेलीचा काढा, दोन चमचे.' वा! आम्ही इथे रक्ताच्या कॅन्सरशी झगडतोय आणि हे लोक पाला उकळून पाजतायत!"

डॉक्टरांनी माझी वही उंच धरली. दाराबाहेरच्या बाकावरचे दोघेतिघे हसले. सुली, माझी सात वर्षांची मुलगी, माझ्या मांडीवर बसली होती. तिने डोक्यावरची टोपी कानांपर्यंत ओढली.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. ठाण्यातलं मोठं रुग्णालय. लहान मुलांच्या कॅन्सरवर तिथे संशोधन चालू होतं. त्यांच्या यादीतल्या मुलांना नवी औषधं मिळायची, बाकीच्यांना जुनी. सुलीचं नाव त्या यादीत लागावं, एवढंच मला हवं होतं.

मी कारखान्यात स्टोअरकीपर. आलेला माल लिहायचा, गेलेला लिहायचा. तीच सवय घरी. ताप, उलट्या, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं वहीत. सासूबाई कळव्याच्या खाडीकाठच्या. म्हणाल्या, "पोरीला ताकद येल. त्यात काय इख हाय?" काढा दिला. दिला म्हणून लिहिला.

"यादीत घेता येणार नाही. आमचे निकाल बिघडतात," डॉक्टर म्हणाले.

मला ते पटलं. मोजणीत भेसळ नको, हे मला कळतं. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बसलो.

माझ्यामागून डोंबिवलीचे साहेब आत गेले. बँकेत अधिकारी. त्यांच्या मुलाला सुलीचाच आजार, वयही तेच. तो पहिल्यापासून यादीत. चार महिने मी त्या मुलावर जळत होतो. साहेबांच्या मांडीवरच्या फाइलमधले आकडे उलटे वाचायचो. त्याच्या प्लेटलेट चढत्या, सुलीच्या उतरत्या. एकदा त्याचा आकडा घसरला. त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटलं. एका आजारी पोराचा आकडा. लाज वाटते, पण झालं ते असं.

दार उघडंच होतं. साहेबांनी टेबलावर बाटली ठेवली.

"पुण्याच्या वैद्यांनी दिलंय. गुळवेलीचा अर्क. गेला महिनाभर देतोय."

"द्या की. पूरक उपचार म्हणून काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

मुलगा यादीत राहिला.

तेवढ्यात नर्स सुई घेऊन माझ्यापाशी आली. "बाही वर करा. आनुवंशिकतेच्या अभ्यासाला आईवडिलांचं रक्त लागतं."

"कशासाठी? मुलगी तर यादीत नाही."

आतून डॉक्टर म्हणाले, "घ्या हो सिस्टर. यांच्या जातीत नात्यातच लग्नं होतात. आपल्याला उपयोगाचं आहे."

मुलगी नको. रक्त हवं.

मी बाही खाली ओढली, बटण लावलं. सुलीला कडेवर घेऊन आत गेलो. वही टेबलावर उघडी ठेवली.

"त्यांची गुळवेल पूरक. आमची गुळवेल पाला. फरक काय ते लिहून द्या."

"तुम्हाला कळणार नाही."

"म्हणूनच लिहून द्या. वहीत चार ओळी कोऱ्या सोडल्यात."

"अडाण्यासारखं वागू नका. नुकसान तुमच्याच मुलीचं होईल."

मी उभाच राहिलो. साहेब बाटलीकडे बघत बसले. डॉक्टरांनी लिहिलं नाही. मी रक्त दिलं नाही.

सुलीला जुनीच औषधं चालू राहिली. बायको म्हणाली, "अहो, काढ्याचं लिहिलंच नसतं तर?" मी वही ओढून त्या दिवसाचा ताप लिहिला. त्या मुलाचा हेवा आजही गेलेला नाही. पण त्याचा आकडा घसरावा असं पुन्हा कधी वाटलं नाही. सुलीचा आकडा त्याने चोरला नव्हता.

पुढच्या मंगळवारी तपासणीला गेलो तेव्हा वही पुन्हा त्याच टेबलावर ठेवली. त्याच्या पुढच्याही. काढा दिला तर काढा लिहीन. त्या चार ओळी अजून कोऱ्या आहेत. त्या भरल्याशिवाय आमच्या घरातला एकही हात अभ्यासाच्या त्या सुईपुढे जाणार नाही.